नाव खोडलं तरी वस्ताद ओळखू येतो

कोल्हापुरातल्या आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं आहेत आणि कपाटांवर पार छतापर्यंत कापडात बांधलेले बस्ते. सगळे मानसोपचाराचे केसपेपर. नंबर टाकायचा, फाईल शोधायची, डॉक्टरांच्या टेबलावर न्यायची आणि संध्याकाळी परत जाग्यावर ठेवायची, हे माझं काम. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळले तरी चालतं. त्यामुळे जुने कागद रद्दीत घालणारे दवाखाने काही कमी नाहीत. आमच्या डॉक्टरांच्या हातून मात्र चिठ्ठीसुद्धा टाकवत नाही. पावसाळ्यात ओल येते, मग वाळवी लागते आणि मी बस्ते उन्हात घालत बसते. या खोलीचा दवाखान्याबाहेर कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका मेडिकल कॉलेजातल्या विभागानं डॉक्टरांना विचारलं, स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचे जुने केसपेपर नाव-गाव काढून अभ्यासाला द्याल का? नवीन औषध द्यायचं नाही, रक्त घ्यायचं नाही, कुणाला बोलवायचंही नाही. जे लिहून ठेवलंय तेवढंच हवं होतं. पेशंट पहिल्यांदा कशासाठी आला, झोपेसाठी की विसरण्यासाठी? विसरणं सुरू व्हायच्या आधी उदासीनता होती का? साखर, बीपी किती? कुठली गोळी सुरू केली, कधी बंद झाली, का बंद झाली?

मी डॉक्टरांना म्हटलं, एवढे मोठे अभ्यास होतात, त्यांना आपल्या मळक्या कागदांचं काय? ते म्हणाले, औषधाच्या चाचणीत पेशंट निवडून घेतात. ज्याला दुसरा आजार नाही, जो वेळेवर येतो, ज्याच्याबरोबर शिकलेला नातेवाईक आहे, तो घेतात. आपल्या बाकड्यावर बसलेली आज्जी बघ. साखर आहे, मिश्री सुटत नाही, गुडघ्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेते आणि सून माहेरी गेली की आमची गोळी बंद. खरा आजार इथं दिसतो, चाचणीत नाही.

मग त्यांनी इंग्लंडमधलं एक उदाहरण दिलं. केंब्रिजच्या भागातल्या मानसोपचार सेवेच्या २९,६१८ पेशंटच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०२२ साली निष्कर्ष छापला. त्यातल्या ५४८ जणांना लिथियम हे औषध मिळालं होतं. त्यांच्यापैकी ९.७ टक्क्यांना पुढं स्मृतिभ्रंश झाला आणि न मिळालेल्यांपैकी ११.२ टक्क्यांना. फरक लहान वाटतो, पण लिथियम घेणारे बहुतेक द्विध्रुवी आजाराचे (कधी अति उत्साह, कधी उदासी) असतात आणि त्या आजारात स्मृतिभ्रंशाचा धोका मुळात जास्त असतो. तो हिशोब धरला की फरक आणखी वाढतो. यावरून लिथियम स्मृतिभ्रंश टाळतं हे सिद्ध होत नाही, त्यासाठी चाचणीच लागते. पण चाचणी कशाची घ्यायची हे कळलं, आणि ते रोजच्या नोंदींतून कळलं.

आपल्याकडे साठीच्या पुढच्या लोकांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली देशव्यापी पाहणीतून छापून आला. बायकांत जास्त, खेड्यात जास्त. ही माणसं दवाखान्यात आल्यावर पुढं त्यांचं काय होतं ते पाहणीत कळत नाही. ते आमच्या बस्त्यांत आहे.

परवानगीचं सांगते, कारण मला भीती तिचीच होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये पेशंटची माहिती गोपनीय ठेवायचं बंधन कलम २३ मध्ये आहे. त्याच कायद्याचं कलम ९९ संशोधनाबद्दल आहे. पेशंटची मुलाखत घ्यायची असेल किंवा त्याच्यावर काही प्रयोग करायचा असेल तर त्याची स्वखुशीची संमती लागते. जो संमती देण्याच्या स्थितीत नाही, त्याच्या केस नोंदींचा अभ्यास करायला मुभा आहे, पण ओळख फुटणार नाही एवढी काळजी घेतली तरच. आमचा सगळा उद्योग या एका अटीवर उभा होता.

प्रस्ताव कॉलेजच्या नैतिकता समितीपुढं गेला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तिथं डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिकही बसतो. कागद कसे ठेवतात ते सांगायला डॉक्टर मलाही घेऊन गेले. डॉक्टर मंडळींनी नमुना किती, आकडेमोड कशी, असं विचारलं. सामान्य नागरिक म्हणून आलेल्या काकांनी एकच विचारलं, "नाव काढलं म्हणताय. मी कोल्हापूरचाच. मला पेपर वाचायला दिला तर माणूस ओळखणार नाही?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, ओळखणार.

लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात अशी व्यवस्था २००८ पासून चालू आहे. तिथं नोंदी मुळात संगणकावर असतात. मजकुरात पेशंटचं नाव आलं की मशीनच त्या जागी पाच झेड टाकतं आणि नातेवाइकाचं आलं की पाच क्यू. कुणाला कुठला अभ्यास करू द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत पेशंटचे प्रतिनिधी बसतात. आमच्याकडं मशीनचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांचं अक्षर मला आणि समोरच्या मेडिकलवाल्याला सोडून कुणाला लागत नाही. म्हणून मी वाचायचं, कॉलेजकडून आलेल्या मुलीनं टाईप करायचं आणि नाव आलं तिथं पेशंटला "रु" आणि नातेवाइकाला "ना" लिहायचं असं ठरलं. नाव आणि नवा नंबर यांची जोडयादी इंटरनेट नसलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्याची किल्ली डॉक्टरांकडं, कॉलेजला ती यादी कधीच जाणार नाही. मोबाईल बाहेर ठेवून खोलीत यायचं. फोटो नाही, झेरॉक्स नाही.

नाव खोडणं सोपं निघालं. अडचण पुढंच होती, ती वस्तादांच्या पेपरनं दाखवली. (इथंही तपशील मी बदललेत.) पेपरवर साधारण असं होतं: वय ७८, अमुक पेठ, तालमीत वस्ताद, तरुणपणी खासबागेत कुस्त्या, एकदा मानेवर पडून बेशुद्ध, हल्ली पहाटे उठून लंगोट शोधतात, तालमीत जायचं म्हणून दार ठोठावतात, मुलगा नगरसेवक. मी मोठ्यानं वाचलं आणि टाईप करणारी मुलगी हसली. "ताई, हे तर आमच्या गल्लीतले." नाव मी उच्चारलंही नव्हतं.

आता यातलं काय खोडायचं? नगरसेवक मुलगा गेला, त्याचा आजाराशी संबंध नाही. पेठ गेली, "करवीर तालुका, शहरी" एवढंच राहिलं. वय "७५ ते ७९" झालं. "वस्ताद" हा शब्दही काढू, असं मुलगी म्हणाली. तिथं डॉक्टर अडले. कारण डोक्याला मार लागणं हे स्मृतिभ्रंशाच्या ज्ञात जोखमींपैकी एक आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली टाळता येण्याजोग्या चौदा जोखमी सांगितल्या, त्यात ते आहे. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, बीपी, साखर, उदासीनता, एकटेपणा याही आहेत. कोल्हापुरात कुस्ती खेळलेल्या म्हाताऱ्यांचा मुद्दा खोडून टाकला तर कोल्हापूरचे कागद घेतले कशाला? शेवटी "खेळातून डोक्याला/मानेला मार, बेशुद्ध: होय" असा रकाना केला आणि तालीम, वस्ताद, खासबाग, लंगोट सगळं गेलं. मला त्या लंगोटाचं वाईट वाटलं. आजार कुठवर आलाय हे त्या एका वाक्यात जेवढं कळत होतं तेवढं रकान्यात कळत नाही.

असं प्रत्येक पेपरला. हुपरीचा चांदी कारागीर चालेल, कारण हुपरीत घरोघरी चांदीकाम. पण गगनबावड्यातला निवृत्त पोस्टमास्तर? तो तालुकाच एवढासा की वय आणि धंदा लिहिला की नाव लिहिल्यासारखंच. मग नियम केला, एकाच तालुक्यात, एकाच वयोगटात, एकाच धंद्याची पाच माणसं नसतील तर तालुका शेजारच्यात मिसळायचा किंवा धंदा "सरकारी नोकरी" असा मोघम करायचा. नव्वदीपुढचे सगळे "९० किंवा जास्त". जितकं झाकू तितका कागद निरुपयोगी होत जातो, आणि जितकं ठेवू तितका माणूस उघडा पडतो. दोन्ही साधेल असा मुक्काम कुठंच नाही. दर पेपरला भांडून ठरवायचं.

जन्मतारखेची गंमत वेगळीच. कॉलेजच्या मंडळींनी वेल्समधला एक अभ्यास सांगितला, २०२५ साली छापलेला. तिथं नागिणीची लस १ सप्टेंबर २०१३ पासून द्यायला लागले आणि २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच ती मिळणार होती. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंची माणसं एरवी सारखीच, फक्त एकांना लस मिळाली आणि एकांना नाही. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश साधारण एक पंचमांशानं कमी निघाला. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीसारखा पुरावा नुसत्या जन्मतारखेवर मिळाला.

आमच्याकडं जन्मतारीख? निम्म्याहून जास्त म्हातारी माणसं १ जूनची. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. शाळेत न गेलेल्यांची तर तीही नाही, आधारकार्डावर नुसतं साल. आज्जींना वय विचारलं की "असंल की साठ-सत्तर." मग डॉक्टर कोयनेच्या भूकंपावरून मोजतात. "भूकंपात पोरं किती होती?" "दोन होती, तिसरं पोटात." म्हणजे १९६७ ला पंचवीसच्या आसपास धरा. बहात्तरचा दुष्काळही असाच कामाला येतो. संस्थान विलीन झालं ते, १९४९ चं, आठवणारे आता थोडेच. म्हणून आम्ही तारीख दिलीच नाही. साल आणि "वय कशावरून" असे दोन रकाने दिले: दाखला, आधार, अंदाज.

भेटीच्या तारखाही तशाच देता येत नव्हत्या. खऱ्या तारखेवरून माणूस शोधता येतो. रीत अशी की प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा काही दिवसांनी मागं किंवा पुढं सरकवायच्या, प्रत्येकासाठी वेगळा आकडा. दोन भेटींतलं अंतर तेच राहतं, खरी तारीख लपते. छान वाटलं. मग मला पूर आठवला.

ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, गाड्या बंद, शहरात दूध-पेट्रोलची मारामार. दवाखाना उघडा होता, पण शिरोळचा पेशंट येणार कुठून? घरच पाण्यात, तर गोळ्यांची पिशवी कोण शोधतंय? त्या आठवड्यांत केसपेपर कोरे आहेत आणि सप्टेंबरमध्ये बऱ्याच जणांचं लिहिलंय: औषध बंद, झोप नाही, "घरी जायचं" म्हणून रात्रभर दंगा. छावणीत नेलेल्या म्हाताऱ्याला आपण कुठं आहोत ते कळत नव्हतं. जुलै २०२१ ला पुन्हा तेच, आणि मध्ये लॉकडाऊन. आता तारखा सरकवल्या की हा पूर कुणाचा जूनमध्ये जाणार, कुणाचा डिसेंबरमध्ये. लांब बसलेला संशोधक म्हणणार, पेशंटनं मनानं औषध सोडलं किंवा आजारानंच उचल खाल्ली. म्हणून "खंडाचं कारण" हा रकाना वाढवला: पूर, लॉकडाऊन, सुगी, माहीत नाही. सुगी मीच घालायला लावलं. उसाच्या तोडीत आणि भाताच्या कापणीत आमचं बाकडं रिकामं असतं, ते आकडेशास्त्राच्या पुस्तकात कुठं असणार?

स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण पेपरच्या कोपऱ्यात लिहिलेले असतात, तीसपैकी अठरा वगैरे. निवृत्त हेडमास्तरांचे अठरा आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्जींचे अठरा हे एक नव्हेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी ही चाचणी न शिकलेल्यांसाठी बदलून हिंदीत आणली, तिची माहिती १९९५ साली छापली गेली. "डोळे मिटा" असं लिहिलेलं वाचायला देण्याऐवजी, मी करतो तसं करा म्हणून परीक्षक स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी घराबद्दल एखादं वाक्य बोलायला सांगतात. आमच्या जुन्या पेपरांवर नुसता आकडा आहे. कुठली चाचणी, पेशंटचं शिक्षण किती, हे निम्म्या ठिकाणी नाही. ते गुण "शिक्षण अज्ञात" म्हणून वेगळे काढले. कॉलेजची मुलगी हळहळली, पण अंदाजानं भरायला मी नाही म्हटलं.

कायद्यानं मुभा असली तरी जे पेशंट अजून येतात त्यांना विचारायचंच, हा डॉक्टरांचा हट्ट होता. बाहेर मराठीत पाटी लावली: तुमचे कागद नाव काढून अभ्यासाला द्यायचे आहेत, नको असेल तर नुसतं सांगा, उपचारात फरक पडणार नाही. पाटी कोण वाचतंय? मीच एकेकाला सांगायची.

"न्या की. म्हातारीचं काय जातंय त्यात?" हे बहुतेकांचं. एकानं विचारलं, पैसे किती मिळणार? काही नाही म्हटल्यावर म्हणाला, मग कॉलेजला तरी मिळणार आहेत का? रास्त प्रश्न होता, डॉक्टरांनी त्याला अर्जाची पानं काढून दाखवली. कागलकडच्या एक बाई मात्र मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. "ताई, नातीची सोयरीक चाललीया. आज्जी खुळी हाय म्हणून कळलं तर मोडंल. आमचा पेपर ऱ्हाऊ दे." मी त्यांच्यादेखत यादीतून नंबर काढला. त्यांना समजावत बसले नाही. लग्न मोडण्याची भीती त्यांना होती, मला नव्हती.

आणि एक निवृत्त शिक्षक. आजार अगदी सुरुवातीचा. मी सवयीनं त्यांच्या मुलाला सांगायला लागले तसं ते म्हणाले, "कागद माझे आहेत ना? मग मला विचारा." सगळं दोनदा विचारून घेतलं, चष्मा पुसला, सही केली. सहीखाली तारीख घालताना मुलाला विचारली, तेवढंच. पुढच्या वेळी आल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला, मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा हो म्हणाले. संमती कधीही मागं घेता येते, म्हणून दर भेटीला विचारायचं असं त्यांच्या बाबतीत मी ठरवूनच टाकलं.

ज्यांच्या नावानं स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार ओळखतात त्या अल्झायमर डॉक्टरांनी १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये एका एक्कावन्न वर्षांच्या बाईंना तपासलं होतं. त्या १९०६ ला वारल्या. त्यांची मूळ फाईल हॉस्पिटलच्या जुन्या कागदांत १९९५ ला सापडली. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून वाळवीची पावडर आणायला पैसे मागताना मला अडचण येत नाही.

कागद कॉलेजला गेल्यावर शंकांची यादी आली. सगळ्यात मोठी शंका: बायकांच्या धंद्याच्या रकान्यात जवळपास सगळीकडं "घरकाम" का? मी कपाळाला हात लावला. केसपेपर काढताना नवरा किंवा मुलगा सांगतो, तेच लिहिलं जातं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात भांगलण केलेली बाई घरकाम. इचलकरंजीत मागावर कांड्या भरलेली बाईसुद्धा घरकाम. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढून कान गेलेला असतो. तेच ऐकू न येणं जोखमीच्या यादीत आहे, आणि आमच्या कागदावर ना माग, ना कान.

आता नवा केसपेपर छापून घेतलाय. "व्यवसाय" काढून "आयुष्यभर काय काय काम केलं" अशा दोन ओळी सोडल्यात. शिवाय शिक्षण, कान, डोक्याला मार, वय कशावरून. डॉक्टरांना हे विचारायला वेळ नसतो, म्हणून बाहेर बाकड्यावर मीच विचारते, आणि जमेल तिथं पेशंटलाच.

परवा एक मावशी आल्या होत्या, लेकाबरोबर. मी विचारलं तर लेक म्हणाला, "कायबी नाही, घरातच असत्यात." मावशी गप्प होत्या. मग बोटं मोडत सुरू झाल्या: आधी बापाच्या गुऱ्हाळात चुलवाणापुढं, मग लगीन, मग टोळीबरोबर ऊसतोड, मग मागावर, "तिथं लेकीला हाक मारली तर आयकू यायचं न्हाई," मग दुसऱ्यांच्या भाकऱ्या. लेक बघत बसला. मागं रांग खोळंबली होती, कंपाउंडर दारातनं दोनदा डोकावून गेला. दोन ओळी पुरल्या नाहीत, मी मागच्या पानावर लिहिलं. मागच्या पानाचं टाईप कुठल्या रकान्यात करायचं, ते कॉलेजच्या मुलीला अजून विचारायचंय.